सगळ्यांनी मिळून म्हणा

कोकणातल्या कुठल्याही अंगणवाडीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेच्या बाहेर पाच मिनिटं उभं राहिलं की एकसुरात म्हटलेलं काहीतरी कानावर येतंच. प्रार्थना, पाढे, बाराखडी, बडबडगीत. बाई एक ओळ म्हणतात, मग ‘सगळ्यांनी मिळून म्हणा’, आणि मुलं तीच ओळ छपराला भिडेल अशी म्हणतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला बरं वाटतं. शाळा चालू आहे, मुलं शिकताहेत. केंद्रप्रमुखांना बरं वाटतं, पालकांना बरं वाटतं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही वाटतं.

मी सिंधुदुर्गात शाळाशाळांतून फिरणारा विशेष शिक्षक आहे. खुर्ची गटसाधन केंद्रात, पण नोकरीचा बराच काळ मोटारसायकलवर गेला. ज्या मुलांचं ‘काहीतरी वेगळं आहे’ असं शाळेला वाटतं त्यांच्याशेजारी जाऊन बसायचं, हे माझं काम. या फिरण्यात एक गोष्ट पक्की झाली. ज्या मुलांना बोलण्याची, ऐकण्याची किंवा समजण्याची अडचण असते, ती मुलं या एकसुरातच सगळ्यांत छान लपतात.

ज्याला कमी ऐकू येतं तो ओठ हलवतो. शेजारच्याकडे बघून टाळी वाजवतो, अर्धा क्षण उशिरा. ज्याला भाषाच नीट आकळत नाही तो चाल पाठ करतो आणि चालीबरोबर शब्दांचे आवाजही, अर्थाशी गाठ न पडता. जो घराबाहेर तोंडच उघडत नाही, तो मागच्या रांगेत मान डोलावतो. आणि तोतऱ्या मुलाची तर गंमतच असते. इतरांबरोबर एका लयीत बोलताना त्याचं अडखळणं जवळजवळ नाहीसं होतं, गातानाही होतं. वाचाउपचार करणाऱ्यांना हे फार जुन्या काळापासून माहीत आहे. आमच्याकडचा एक मुलगा भजनात झांज वाजवतो आणि गजर असा खणखणीत म्हणतो की बुवासुद्धा वळून बघतात. त्याला स्वतःचं नाव सांगायला लावा, पहिल्या अक्षरावर गाडी रुतते. त्याच्या वर्गशिक्षिकेला कुणी ‘हा मुलगा अडखळतो’ असं सांगितलं असतं तर त्यांनी भजनाचाच दाखला दिला असता.

मग घरी कसं लक्षात येत नाही? कारण घर त्या मुलाला फार चांगलं ओळखतं. ‘ताता’ म्हणजे काका, ‘बू’ म्हणजे पाणी, बोट दाखवून ‘ऊं’ केलं की फळीवरचा लाडवांचा डबा. आईला दुभाषाची गरजच पडत नाही, ती स्वतःच दुभाषी असते. मुलाच्या बोलण्याची खरी परीक्षा परक्या माणसापुढे होते, आणि कोकणातल्या वाडीवरच्या मुलाच्या आयुष्यात त्याचं बोलणं रोज ऐकणारं पहिलं परकं माणूस बहुतेकदा अंगणवाडीची बाई असते. तिथे तपासणीचं यंत्र नसतं. असतात ती बाईच्या समोर बसलेली तिसऱ्या-चौथ्या वर्षातली पंधरावीस मुलं, रोज. म्हणजे तुलना करायला सगळं हाताशी असतं. वर्षाच्या आसपास पहिला शब्द, दोनच्या सुमाराला ‘आई ये’, ‘दूध नको’ अशी दोन शब्दांची जोडी, तिसऱ्या वर्षी परक्यालाही बरंचसं समजेल असं बोलणं, चौथ्या वर्षी जवळजवळ सगळं. ‘र’, ‘ळ’, ‘श’ यांना थोडा उशीर झाला तर काळजी नाही. पण चार वर्षांच्या मुलाच्या दहा वाक्यांतली सहा बाईंना समजत नसतील, तर ते ‘लहान आहे अजून’ या खात्यात टाकायचं नसतं.

‘लहान आहे अजून’ या खात्यात सगळ्यांत जास्त जमा होतात ती शांत मुलं. दंगा करणाऱ्याची तक्रार माझ्यापर्यंत त्याच आठवड्यात येते. गप्प बसणाऱ्याची येत नाही. उलट कौतुक होतं: ‘एकदम गुणी, आवाज म्हणून नाही’. पहिलीपर्यंत गुणी, दुसरीत लाजाळू, तिसरीत ‘लक्ष नाही’ आणि चौथीत कधीतरी कुजबुजत ‘अप्रगत’. या सगळ्या प्रवासात मूल तेच, अडचणही तीच.

या मुलांत एक मोठा गट असा असतो की त्यांना ऐकू येतं, बुद्धी ठीक असते, दिसायला काहीच खोट नसते, पण भाषाच नीट बसत नाही. ‘दप्तर बाकाखाली ठेव, वही काढ आणि मग पाणी पिऊन ये’ असं सांगितलं की मूल थेट पाणी प्यायला जातं. शेवटचं तेवढं हाती लागलेलं असतं. गोष्ट सांगायला लावली की ‘तो गेला, मग ते केलं, मग त्याने ते हे केलं’ अशी सर्वनामांची रांग. इंग्रजीत याला डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर म्हणतात. इंग्लंडमध्ये शाळेत नुकत्याच दाखल झालेल्या मुलांचा मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यात हे प्रमाण सात टक्क्यांच्या थोडं वर निघालं. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात साधारण दोन. स्वमग्नतेबद्दल (ऑटिझमबद्दल) आता शिक्षकांना निदान ऐकून तरी माहिती असते. त्याहून कितीतरी जास्त मुलांत आढळणाऱ्या या अडचणीचं नाव आसपासच्या शाळांच्या शिक्षण परिषदेत मी काढतो तेव्हा चेहरे कोरे असतात.

यात शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण व्यवस्थेतही या मुलांना नीटशी जागा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात वाचा व भाषा अक्षमता आहेही. पण तिथली व्याख्या स्वरयंत्र काढल्यामुळे किंवा मेंदूला इजा होऊन वाचा गेल्यामुळे आलेल्या कायमच्या अक्षमतेसारख्या गोष्टी डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे. पाच वर्षांचं, वाक्य न जुळणारं मूल त्यात धड बसत नाही. प्रमाणपत्र नाही म्हणून माहितीच्या रकान्यात नोंद नाही, आणि रकान्यात नाही ते कुणाच्या डोक्यातही राहत नाही. दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला येतो, दरवर्षी पेढे वाटले जातात, चांगलंच आहे. पण ती टक्केवारी दहावीच्या बाकापर्यंत पोचलेल्यांची असते.

कानाचं मात्र वेगळं आहे. तिथे बाईंनी थोडं लक्ष दिलं तरी बरंच हाती लागतं. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला उघडते, म्हणजे नेमकी मिरगाचा पाऊस लागलेला असताना. नवी मुलं, नवी बाई, वरती पत्रे, आणि त्या पत्र्यांवर कोसळणारी सर. एरवी ठणठणीत कान असलेल्या मुलालाही अशा वर्गात बाईंचं निम्मं बोलणं कळत नाही. त्यात पावसाळाभर शेंबूड. सर्दी वारंवार झाली की लहान मुलांच्या मधल्या कानात चिकट पाणी साठतं, पडदा नीट हलत नाही, आणि पंचवीस-तीस डेसिबलपर्यंत ऐकणं मंदावतं. दुखत नाही, ताप नाही, कान वाहतही नाही, म्हणून कुणाला पत्ता नसतो. बऱ्याच मुलांचं ते तीन महिन्यांत आपलं आपण ओसरतं. काहींचं ओसरत नाही, किंवा पुन्हा पुन्हा होतं. आज ऐकतो, उद्या ऐकत नाही, असं चालू राहतं, आणि आपण म्हणतो, ‘मनात असलं की बरोबर ऐकतो, ढोंगी आहे.’ हे ढोंगी म्हणणं मला सगळ्यांत जास्त टोचतं. (आणि कान वाहत असेल तर कोमट खोबरेल घालणाऱ्या आज्यांनी कृपा करून घालू नये. डॉक्टरला दाखवावा.)

याला एक साधी चाचणी आहे. डॅनियल लिंग नावाच्या माणसाने सुचवलेली, श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलांसाठी जगभर वापरतात. आवाज सहाच: आ, ई, ऊ, म्, श्, स्. जाड्या आवाजापासून अगदी बारीकपर्यंत बोलण्याचा सगळा पट्टा यात येतो. मुलाच्या मागे उभं राहायचं, तोंडापुढे वही धरायची आणि एकेक आवाज नेहमीच्या सुरात काढायचा. ऐकू आला की मुलाने डब्यात चिंचोका टाकायचा. आवाजांमधलं अंतर सारखं ठेवायचं नाही, नाहीतर हुशार पोरं तालावर चिंचोके टाकतात. ‘आ’ला चिंचोका पडतो आणि ‘स्’ला पडत नाही असं दोनतीन वेळा, सर्दी नसलेल्या दिवशीही झालं, तर निदान आपलं नाही, पण पुढे पाठवायला एवढं पुरेसं आहे. पाऊस थांबलेला असताना करायची, एवढंच पथ्य. कोकणात ऑगस्टपर्यंत हेच सगळ्यांत अवघड जातं.

बोलीचा गुंता याहून अवघड. इथल्या बऱ्याच शाळांत शिक्षक घाटावरचे किंवा मराठवाड्यातले असतात. मनापासून शिकवणारी माणसं, पण मालवणी कानावर पडलेली नसते. मूल धावत येऊन सांगतं, ‘गुरुजी, माझी छत्री खय गेली?’ गुरुजींना ते अस्पष्ट वाटतं. खरं तर वाक्य निर्दोष आहे, फक्त पुस्तकातलं नाही. त्याच वर्गात दुसरं मूल म्हणतं, ‘माझी तत्ली थय गेली?’ आणि गुरुजी समजतात, ही इथली बोलीच असणार. पहिल्याची उगाच दुरुस्ती होते, दुसऱ्याकडे दुर्लक्ष. उत्तर कोकणात आगरी-कोळी घरातलं मूल ‘पानी’ म्हणतं त्याचंही तसंच. घरातले सगळेच ‘पानी’ म्हणत असतील तर मुलाची जीभ अगदी जागेवर आहे.

यावर तज्ज्ञ लागत नाही. शाळेत पोषण आहार शिजवणारी बाई किंवा अंगणवाडीची मदतनीस गावातलीच असते. तिला विचारावं, ‘याच्या वयाची वाडीतली पोरं अशीच बोलतात का?’ ती हातातला डाव खाली न ठेवता सांगते. एकीने मला सांगितलं होतं, ‘नाय ओ सर, आमच्यात असा कोण बोलणा नाय. ह्येचा आमकाच कळणा नाय.’ इतकं नेमकं वाक्य मी कुठल्या अहवालात वाचलेलं नाही. घरच्यांना मात्र ‘मालवणी बंद करा, शुद्ध बोला’ असा सल्ला कुणी देऊ नये. दोन भाषा किंवा बोली एकदम कानावर पडल्याने भाषेचा विकार होत नाही. आजी ज्या भाषेत मनापासून गजाली करते ती तोडून घरात पुस्तकी चार वाक्यं आणली तर मुलाच्या वाट्याचं बोलणंच कमी होतं.

अलीकडे एक नवं उत्तर सगळ्यांच्या तोंडी आहे: मोबाईल. मूल बोलत नाही? मोबाईल. ऐकत नाही? मोबाईल. चाकरमानी बाप मुंबईत, आई कामात, पोराच्या हातात मोबाईल, हे चित्र खरं आहे आणि समोरासमोरच्या बोलण्याचा वेळ तो खातो हेही खरं. पण सोयीचा आरोपी सापडला की तपास थांबतो. ‘मोबाईल बंद करा’ असं सांगून ज्या मुलांना घरी पाठवलं जातं त्यांच्यातल्या कितींचे कान कुणी तपासलेले असतात?

वर्गात काय बदलता येईल असं शिक्षक विचारतात तेव्हा मी साधनांची यादी देत नाही. थांबायला सांगतो. अमेरिकेत १९७० च्या दशकात मेरी बड रो या अभ्यासक बाईंनी वर्गांचं ध्वनिमुद्रण करून मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत. मग प्रश्न पुन्हा, किंवा दुसऱ्या मुलाकडे. तो वेळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, आणि मागे पडलेली समजली जाणारी मुलंही बोलायला लागली. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण पुढच्या बाकावरच्या चुणचुणीत मुलीचा हात वर असताना तिच्याकडे न बघता ते काढून दाखवा. अडखळणाऱ्या मुलापुढे तर ‘सावकाश बोल’, ‘घाबरू नको’ यातलंही काही म्हणायचं नाही, वाक्य त्याच्या तोंडून काढून घेऊन पूर्ण करायचं नाही. काय सांगतोय ते ऐकायचं. दोन ते पाच वर्षांच्या वयात अडखळायला लागलेल्या मुलांपैकी बहुतेकांचं अडखळणं पुढे थांबतं. उरलेल्यांना शाळेतला सगळ्यांत वाईट क्षण विचारा, हजेरी सांगतील. ‘हजर’ हा एकच शब्द, ठरलेल्या क्षणी, सगळे ऐकत असताना, बदलून दुसरा वापरायची सोय नाही. एका शाळेत बाईंनी सगळ्याच वर्गाला हात वर करून हजेरी द्यायची सवय लावली. कारण कुणाला सांगितलं नाही.

घरी धो धो बोलणारं आणि शाळेत महिनोन् महिने एक अक्षर न काढणारं मूल ही आणखी वेगळी तऱ्हा. बाई म्हणतात मुकं आहे, आई म्हणते बाईच मारत असतील. दोघींचंही चुकतं. त्याची भीती त्याला गप्प करते, तो हट्ट नसतो. ‘एक शब्द बोललास तर चॉकलेट’ याने गाठ आणखी घट्ट होते. अशा वेळी मला आपल्याच किनाऱ्याच्या उत्तर टोकावरच्या बोर्डीची आठवण येते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा मार्ग. आज अंगणवाडीला इमारत आहे, फळा आहे, वजनकाटा आहे, आणि बहुतेक अंगणवाड्यांना अंगण उरलेलं नाही. पण गृहभेट अजून बाईंच्या कामात आहे. माझ्या ओळखीच्या एक सेविका अशा मुलीच्या घरी गेल्या, तिच्याशी बोलल्याच नाहीत. पडवीत बसून तिच्या आजीबरोबर वाल सोलत राहिल्या. तिसऱ्या भेटीत मुलगी बाईंच्या देखत मांजराला ओरडली. मग ते मांजर गोष्टीत आणून बाईंनी ते वर्गापर्यंत कसं पोचवलं, तो निम्म्या वर्षाचा उद्योग आहे. तो इथे मावणार नाही.

सांगणं सगळ्यांत कठीण. ‘तुमच्या मुलात प्रॉब्लेम आहे’ असं सांगितलेली आई दुसऱ्या दिवसापासून मुलाला पाठवत नाही. आजोबा म्हणतात, ‘तेचो बापूस पण उशिरानच बोललो, हो पण बोलतलो.’ कुणी वेखंड उगाळून जिभेला लावतं, कुणी देवाला कौल लावतं. कौल उजवा, म्हणजे होकाराचा, आला की घर निर्धास्त. मी कौलाशी भांडत नाही. एका आजीला आमच्या मदतनीस बाईंनी सुचवलं, देवाला विचारताना ‘पोर बोलेल का’ असं न विचारता ‘ओरोसला कान तपासायला नेऊ का’ असं विचारा. उजवा आला. पुढच्या सोमवारी आजी स्वतः नातवाला घेऊन जिल्हा रुग्णालयात हजर.

तपासणीची यंत्रणा कागदावर चांगली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधूनच सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, श्रवणदोष आणि भाषेचा उशीर दोन्ही त्यांच्या यादीत आहेत. पण गाडीतून उतरलेल्या अनोळखी डॉक्टरांपुढे चार वर्षांचं कुठलं पोर बोलतं? वजन, दात, डोळे, त्वचा पटकन दिसतात. बोलणं दिसत नाही. ते डॉक्टरांना कुणीतरी सांगावं लागतं, आणि सांगू शकणारी एकच व्यक्ती तिथे उभी असते. तिच्या नोंदवहीत भाषा विकासापुढे ओळीने ‘चांगला, चांगला, चांगला’.

गेल्या पावसाळ्यानंतर एका सेविकेने पथकाच्या हातात वहीचं पान फाडून दिलं. त्यावर लिहिलं होतं: ‘गाणं सगळ्यांबरोबर म्हणतो. एकट्याला विचारलं की माझ्या तोंडाकडे बघतो. मागून हाक मारली तर वळत नाही, खुर्ची सरकवली की वळतो. स आणि श कधीच म्हणत नाही, त म्हणतो. सर्दी नसतानाही.’ निदानाचा एक शब्द नाही. पथकाने ते पान संदर्भचिठ्ठीला टाचून पुढे पाठवलं. तिकडे बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते यंत्रावर बघायची तपासणी, केली, बारीक आवाजांना दोन्ही कान मंद निघाले. आता मुलाला यंत्र आहे. तो ते पावसात काढून खिशात ठेवतो, बॅटरी संपली की आठवडा जातो, आणि बाई दर सोमवारी यंत्र तपासतात, तशी बापाला मुंबईला फोन करून बॅटरीची आठवणही करतात. त्या पानाची झेरॉक्स मी यंदाच्या जूनच्या प्रशिक्षणात वाटली. एका गुरुजींनी हात वर करून विचारलं, ‘सर, याचा फॉरमॅट कुठे मिळेल?’